कळलावी : बागेतील लागवड व अभिवृद्धी

कळलावी : (खड्यानाग, करियानाग, हिं. कलिहारी, गु. दूधियो वछनाग, क. अग्निशिखे, सं. लांगली, अग्निशिखा). पावसाळ्यात कुंपणावर व झुडपांवर चढणारी आणि ज्वालेसारख्या लाल-पिवळ्या फुलांनी ओळखू येणारी ही बहुवर्षायू, कंदयुक्त ओषधी आहे. तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा असून ते कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. पूर्वी तिचा समावेश लिलिएसी (पलांडू) कुलात करीत. आधुनिक वर्गीकरणात ती कोल्चिकेसी कुलात घालतात. तिचा प्रसार आफ्रिकेच्या उष्ण कटिबंधापासून भारत, श्रीलंका व आग्नेय आशियापर्यंत आहे. तमिळनाडू राज्याचे ते राज्यपुष्प व झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्प आहे.

महाराष्ट्रात ती कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर सामान्यपणे आढळते. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनाऱ्यावर उरण, अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन या तालुक्यांत जांभ्याचे सडे, टेकड्यांच्या कडा, शेतांचे बांध व वाड्यांची कुंपणे ही तिची नेहमीची ठिकाणे होत. नारळ-सुपारीच्या वाड्यांतून ती मुद्दाम लावण्याचा प्रघात मात्र थोडा आहे. फूल हवे तेव्हा रानातून तोडून आणायचे, ही जुनी रीत. परंतु बांध व सडे बांधकामाखाली जाऊ लागल्याने ती पुढे चालण्यासारखी नाही. बागेत लावण्यास ही वेल अवघड नाही. तिचा वार्षिक जीवनक्रम मात्र नीट समजून घ्यावा लागतो, कारण लागवडीत येणारे बहुतेक अपयश त्याच्या अज्ञानातून येते.

वर्णन : खोड बारीक, हिरवे, नाजूक व साधारणपणे २ ते ४ मी. लांब असते. पाने बिनदेठाची, भाल्यासारखी असून त्यांची टोके लांबत जाऊन तणाव्यांसारखी (प्रतानांसारखी) वळतात. या टोकांनीच वेल आधाराला विळखा घालून वर चढते. फुले मोठी, एकेकटी व लांब देठावर लोंबती असतात. सहा परिदले अरुंद, नागमोडी कडांची व मागे उलटलेली असतात. उमलताना ती हिरवट असून पुढे पिवळी, नारिंगी व शेवटी गडद लाल होतात. हा रंगपालट सुमारे आठवडाभर चालत असल्याने एकाच वेलीवर निरनिराळ्या रंगांची फुले दिसतात. केसरदले सहा व बाहेर पसरलेली असून किंजल तळाशी जवळजवळ काटकोनात वाकलेला असतो. फळ (बोंड) लांबट असून पिकल्यावर तीन शकलांनी उकलते व आतील गोल, लालभडक बिया उघड्या पडतात.

जमिनीतील मांसल कंद दोन फांद्यांचा, इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एल’ अक्षरासारखा असतो. नांगराशी असलेल्या या साम्यावरून तिला संस्कृतात ‘लांगली’ म्हणतात (लांगल म्हणजे नांगर). प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी कंदाचा लेप लावण्याच्या जुन्या प्रथेवरून ‘कळलावी’ हे नाव आले आहे. काही भागांत तिला बचनाग असेही म्हणतात. परंतु खरा बचनाग ही हिमालयातील अगदी वेगळी व तितकीच विषारी वनस्पती आहे.

जीवनक्रम : मेअखेर किंवा जूनच्या आरंभी हवेतील दमटपणा वाढला की कंदाच्या टोकावरील अंकुर वाढू लागतो व पहिल्या पावसाबरोबर कोंब जमिनीबाहेर येतो. या वेळी वाढीस लागणारे अन्न गेल्या वर्षीच्या कंदातून मिळते. हा जुना कंद हळूहळू सुरकुतून नाहीसा होतो. त्याच काळात कोंबाच्या तळाशी नवा दोन फांद्यांचा कंद तयार होऊ लागतो. तो फुगतो, भरतो व पक्व होतो, पण ते मुख्यतः फुलोऱ्याच्या काळात व त्यानंतर पानांनी तयार केलेल्या अन्नावर. किनाऱ्यावर फुले जुलै ते सप्टेंबरमध्ये येतात. पाने ऑक्टोबरपासून पिवळी पडू लागतात व डिसेंबरपर्यंत वेल पूर्णपणे सुकते. त्यानंतर मेपर्यंत कंद सुप्तावस्थेत असतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ही वेल बहुवर्षायू असली तरी तिचा कोणताही कंद एका वर्षापेक्षा जास्त टिकत नाही. दरवर्षी जुन्याच्या जागी नवा तयार व्हावा लागतो. दुसरी, फुलोरा संपल्यावर वेल निरुपयोगी झाली असे वाटले तरी पुढील वर्षाची वेल त्याच वेळी जमिनीखाली घडत असते. या काळात पाने गेली, तर कंद लहान राहतो व पुढील वर्षी फूल येत नाही. वेल मुळापासून उपटली गेली, तर ती जागा कायमची रिकामी होते.

हवामान व जमीन : रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिमी.पेक्षा जास्त पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उष्ण, दमट पावसाळा व कोरडा हिवाळा-उन्हाळा ही कळलावीला अनुकूल अशी विभागणी आहे. मात्र पाणी साचून राहिलेले तिला मुळीच चालत नाही. जांभ्याची तांबडी, मुरमाड माती व पुळणीची रेताड माती या दोन्हींत ती चांगली वाढते. रेतीत तिचा निभाव किती चांगला लागतो याचा पुरावा ऑस्ट्रेलियात मिळतो : तेथे बागेतून निसटलेली कळलावी पूर्व किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर उपद्रवी तण म्हणून पसरली आहे. भाताची चिकण जमीन व खाजणाची खारवट जमीन तिला वर्ज्य समजावी.

वाडीतील जागेची निवड विशेष विचारपूर्वक करावी लागते. सुपारीला हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत नियमित पाणी द्यावे लागते. पूर्वी हे पाणी विहिरीवरील रहाटाने काढून पाटाने फिरवीत. आता पंपाने देतात. कळलावीच्या कंदाला नेमका याच महिन्यांत कोरडेपणा हवा असतो. पाटाकडेला किंवा सुपारीच्या आळ्याजवळ लावलेला कंद पहिल्या पावसाळ्यात उत्तम फुलतो व उन्हाळ्यात कुजून जातो. दुसऱ्या वर्षी कोंब का आला नाही, हे मालकाला उमगत नाही. म्हणून लागण पाण्याच्या टप्प्याबाहेर, कुंपणाच्या कडेने किंवा गडग्याच्या पायथ्याशी करावी. दाट सुपारीच्या सावलीत वेल लांबते पण फुले कमी धरते. नारळाखालील विरळ सावली किंवा दिवसाचा निम्मा वेळ ऊन मिळणारी जागा योग्य होय.

कंदांपासून अभिवृद्धी : बागेसाठी हीच खात्रीची पद्धत आहे. कंदाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाशी एक अंकुर असतो. बटाट्याप्रमाणे अंगावर इतरत्र डोळे नसल्यामुळे टोक मोडले की ती फांदी सहसा उगवत नाही. कंद ठिसूळ असल्याने खणताना, हाताळताना व वाहून नेताना टोकांना इजा होणार नाही याची काळजी घ्यावी. कंद खणताना खुरपे वेलीच्या बुंध्याशी न घालता सुमारे ३० सेंमी. अंतरावरून माती सैल करीत आत यावे.

दोन्ही फांद्या चांगल्या भरलेल्या असतील, तर सांध्यावर धारदार सुरीने कापून त्यांचे दोन कंद करता येतात. कापाला राख लावून तो दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा. लागणीपूर्वी ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची भुकटी चोळल्यास कूज कमी होते. पहिल्याच वर्षी फुले हवी असल्यास कंदाचे वजन ५० ते ६० ग्रॅ. किंवा त्याहून अधिक असावे. लहान कंद टाकून देऊ नयेत. ते वेगळ्या वाफ्यात एक-दोन वर्षे वाढविल्यास फुलण्याजोगे होतात. एका कंदापासून सामान्यतः एक वेल व वर्षअखेर दोन फांद्यांचा एक कंद मिळतो. म्हणजे दरवर्षी फांद्या वेगळ्या केल्या व सर्व जगल्या, तर एकाचे दोन, दोहोंचे चार व तिसऱ्या वर्षी आठ असा हिशेब पडतो. प्रत्यक्षात वाढ यापेक्षा मंद असते. ज्याला मोठी फुले हवी आहेत त्याने दरवर्षी कंद कापूही नयेत.

लागण रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या अखेरच्या आठवड्यात, पावसापूर्वी करणे चांगले; मृगाच्या पावसाबरोबर कोंब वर येतात. जमीन सपाट असल्यास २० ते २५ सेंमी. उंचीचा गादीवाफा करावा. दोन भाग तांबडी माती, एक भाग रेती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण पुरते. ताजे शेण कधीही घालू नये. कंद आडवा ठेवून त्यावर ५ ते ८ सेंमी. माती घालावी व दोन कंदांत ३० ते ४५ सेंमी. अंतर राखावे. कुंडीत लावायचे झाल्यास ती निदान ३० सेंमी. खोल असावी व तळाशी खापऱ्यांचा थर द्यावा. कुंडीचा एक फायदा असा, की पाने सुकल्यावर ती उचलून पावसाच्या व शिंपणाच्या पाण्यापासून दूर, पडवीत ठेवता येते.

बियांपासून अभिवृद्धी : ही पद्धत स्वस्त पण दीर्घसूत्री आहे. बियांचे कवच कठीण असून त्यांनाही सुप्तावस्था असते. उगवण अनियमित होते. काही बिया तीन-चार आठवड्यांत तर काही अनेक महिन्यांनी रुजतात. बियांवरील लाल मांसल आवरण पाण्यात चोळून काढावे, त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्या व जूनमध्ये रेतीमिश्रित मातीत सुमारे १ सेंमी. खोल पेराव्या. पहिल्या वर्षी रोपाला काही पाने व एक लहानसा कंद एवढेच येते. फुले येण्यास साधारणपणे तीन ते चार वर्षे लागतात. ऊतक संवर्धनाने रोपे तयार करण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत, तथापि घरगुती बागेत त्याचा उपयोग नाही.

किंजल फुलाच्या बाहेर वळलेला असल्याने त्याच फुलातील पराग किंजल्कावर सहसा पडत नाहीत. फुलपाखरे, मधमाश्या व सूर्यपक्षी परागण करतात, परंतु पुष्कळ फुले फळावाचून गळतात. बी हवे असल्यास सकाळी, पराग सुटे झाल्यावर, मऊ कुंचल्याने ते दुसऱ्या वेलीवरील फुलाच्या किंजल्कावर लावावे. बियांच्या व्यापारी उत्पादनासाठी तमिळनाडूतील शेतकरी हेच काम हाताने, फुलागणिक करतात.

आधार व निगा : कोंब १५ सेंमी. वाढण्याच्या आत आधार उभा करावा, कारण नंतर काठी रोवताना कंदाला भोक पडण्याचा संभव असतो. जाड बांबू उपयोगी नाही; पानांच्या टोकांना बारीक वस्तूच धरता येते. काटक्या, सुंभ, जाळी किंवा कुंपणातील निरगुडीसारखे जिवंत झुडूप हे उत्तम आधार होत. किनाऱ्यावरील पावसाळी वाऱ्यामुळे आधार दीड-दोन मी.पेक्षा उंच नसावा. खोडाला एकच वाढता शेंडा असतो व तो मोडल्यास त्या वर्षीचा फुलोरा बहुधा जातो. पावसात खंड पडला तरच पाणी द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर थोडे कुजलेले खत किंवा राख वरून दिल्यास नवा कंद चांगला पोसतो.

मुख्य कीड पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाची अळी ही होय. ती काळी असून तिच्यावर पांढरे व तांबडे ठिपके असतात. ती समूहाने पाने खाऊन थोड्या दिवसांत वेलीच्या नुसत्या काड्या ठेवते. बागेतील वेली मोजक्या असल्याने अळ्या सकाळी हातमोजे घालून वेचणे व साबणाच्या पाण्यात टाकणे हा पुरेसा उपाय आहे. याच अळ्या बागेतील इतर लिलींवरही जात असल्याने त्यांच्याकडेही पाहावे. पाणथळ जागी कंद कुजतात. त्यावर निचऱ्याशिवाय इलाज नाही.

फुले काढणे : भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन व मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. कोकणात तेरड्याच्या गौरीबरोबर कळलावीची फुलेही वाहतात व काही भागांत या फुलाला ‘गौरीचे हात’ असेही म्हणतात. सणाचे हे दिवस नेमके कळलावीच्या ऐन बहरात येतात. तिचा नवा कंदही त्याच वेळी अर्धवट भरलेला असतो. रानात फूल शोधायला गेलेले हात घाईने सबंध वेल ओढतात व तिच्याबरोबर कोवळा कंदही तुटतो किंवा वर येतो. फूल देठासह, पाने न तोडता, कात्रीने कापल्यास वेलीला इजा होत नाही. कापलेली फुले पाण्यात सुमारे आठवडाभर टिकतात. बी नको असल्यास सुकलेली फुले काढून टाकावी, म्हणजे अन्न बोंडांऐवजी कंदाकडे जाते. पाने मात्र आपोआप सुकेपर्यंत ठेवावी.

कंद काढणे व साठवण : निचरा चांगला असून उन्हाळ्यात पाणी पोहोचत नसेल, तर कंद जमिनीतच राहू द्यावे, दर तीन-चार वर्षांनी गर्दी झाल्यावर काढून वेगळे करावे. इतर ठिकाणी वेल सुकल्यावर डिसेंबर-जानेवारीत ते काढून सावलीत वाळवावे व कोरड्या रेतीत किंवा भाताच्या तुसात ठेवावे. डब्यावर ‘विष’ असे ठळक लिहून तो घरातील कांदे-बटाट्यांपासून दूर, कुलपात ठेवावा.

विषारीपणा : वनस्पतीचे सर्व भाग विषारी आहेत, कंद व बिया विशेष घातक होत. विषाचा प्रमुख घटक कोल्चिसीन हे अल्कलॉइड असून शिजवल्याने किंवा वाळवल्याने ते नाहीसे होत नाही. कंद चुकून करांदा, कणगर किंवा रताळे समजून खाल्ला जाण्याचा धोका असतो. श्रीलंकेत अशा विषबाधांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. काही तासांनी मळमळ, वांत्या, पोटात कळा व तीव्र जुलाब सुरू होतात. पुढे मूत्रपिंड, अस्थिमज्जा व हृदय यांच्यावर परिणाम होऊन मृत्यू येऊ शकतो. जगलेल्या रोग्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात. लक्षणे दिसेपर्यंत वाट न पाहता व घरगुती उपाय न करता रोग्यास वनस्पतीच्या तुकड्यासह ताबडतोब रुग्णालयात न्यावे. आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत करतात व शोधनाशिवाय ती वापरीत नाहीत. प्रसूतीसाठी किंवा गर्भपातासाठी तिचा घरगुती वापर जिवावर बेततो.

लहान मुले किंवा गुरे यांचा वावर असेल तेथे कळलावी लावू नये. लावलीच तर लाल बियांकडे मुले आकर्षित होतात हे लक्षात घेऊन बोंडे कोवळी असतानाच काढावी. बियांसाठी राखलेल्या बोंडाला मलमलीची पिशवी बांधावी. कंद हाताळताना हातमोजे घालावे. सुकलेल्या वेली गुरांच्या वैरणीत जाऊ देऊ नयेत.

हेच कोल्चिसीन योग्य मात्रेत गाऊट या सांध्यांच्या विकारावर औषध आहे. १९३७ मध्ये ब्लेक्सली व एव्हरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याने वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते हे दाखविल्यापासून वनस्पतिप्रजननातही त्याचा उपयोग होतो. बियांत कोल्चिसिनाचे प्रमाण कंदांपेक्षा अधिक असल्याने तमिळनाडूत धारापुरम, मुलनूर, वेदारण्यम इ. भागांत बियांसाठी या वेलीची शेती करतात.

इतर लिलींशी तुलना : बागेत ‘लिली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्व वनस्पतींना एकच उपचार लागू पडत नाही. उंच, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या फुलोऱ्यामुळे फॉक्सटेल लिली म्हणून प्रसिद्ध असलेल्या एरेमुरस या प्रजातीचे मूलस्थान मध्य आशिया व पश्चिम हिमालय हे आहे. तारामाशासारख्या पसरलेल्या तिच्या जाड, ठिसूळ मुळांच्या मध्यभागी अंकुर असतो. त्याला फुलण्यासाठी हिवाळ्यातील दीर्घ थंडी लागते व ती कोकणात मिळत नाही. शिवाय पावसाळ्यातील ओलाव्याने मुळे कुजतात. बाजारात ‘लिली’ म्हणून विकली जाणारी पांढरी स्पायडर लिली याउलट वर्षभर हिरवी राहते व पाणी मानवते. कळलावी या दोहोंच्या मधली आहे : फॉक्सटेल लिलीप्रमाणे तिला कोरडी विश्रांती हवी, परंतु थंडी नको. किनाऱ्याच्या ऋतुमानाशी तिचा जन्मजात मेळ आहे.

संवर्धन : जागतिक प्रसार पाहता कळलावी दुर्मिळ नाही, परंतु रानातून कंद खणून नेल्यास एखाद्या सड्यावरील किंवा बांधावरील तिचा साठा थोड्या वर्षांत संपतो, कारण बियांपासून नवी वेल फुलावर येण्यास चार पावसाळे लागतात. मुरुड व रोहा तालुक्यांतील फणसाड अभयारण्यासारख्या (स्थापना १९८६) संरक्षित क्षेत्रातून कोणतीही वनस्पती काढणे बेकायदेशीर आहे. बागेसाठी कंद लागवडीतूनच मिळवावे. ते न मिळाल्यास रानातील एखादे पिकलेले बोंड पुरेसे असते व त्याने वेलीचे काही जात नाही. वाडीच्या कुंपणावर पाच-सहा कंद लावले व पाने सुकेपर्यंत राखली, तर एका घराला गौरीपुरती फुले दरवर्षी मिळतात व रानातील वेलीला हात लावावा लागत नाही.